बिनपाण्याचे ब्लॉक आणि पाणी घालणारा मी

माधव नगर, उज्जैन
मे महिना, नळ न येण्याचा दिवस

श्रीयुत माणिकराव यांस,

उज्जैनहून वसंत पागनीस याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे, कुसुमवहिनींची साखर आणि अंगणातलं ते पेरूचं झाड (ज्याचे पेरू तुम्ही दर हिवाळ्यात येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवता आणि जे वाटेत थोडे थोडे कमी होत आमच्यापर्यंत पोचतात) ही तिन्ही मंडळी ठीक असतील अशी आशा करतो. आम्ही सगळे इथे मजेत आहोत. महाकाळाच्या कृपेने कुणाला ताप नाही, कुणाला खोकला नाही. माझ्या हाताला जरा खाज आहे, तिचं कारण पुढे येईलच. गेल्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही तीनतीनदा विचारलंत की मधुरा बरी आहे ना, आणि मी दर वेळी "एकदम बढिया" असं सांगितलं. इतकं बढिया कुठेच काही नसतं हे तुमच्यासारख्या जन्मभर खाणीत नोकरी केलेल्या माणसाला कळलं असणारच. पण फोनवर मला खरं बोलता आलं नाही, कारण आमची रजनी शेजारी उभी होती आणि तिची शेजारी उभं राहण्याची एक पद्धत आहे. म्हणून हे पत्र. पत्रात मध्येच कुणी "मुद्द्याचं बोला" असं म्हणत नाही, ही मोठी सोय आहे.

तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. गोंदियाचं कुणीतरी महाकाळाच्या दर्शनाला आलं, सौजन्य म्हणून आमच्याकडे चहाला आलं, आणि परत जाऊन तुम्हाला सांगितलं की तुमची डॉक्टरेट झालेली मुलगी सासरी घमेली उचलते. (चहाबरोबर पोहे आणि जलेबी दिली होती, त्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नसेल.) बातमी खरी आहे. घमेलं तिने उचललं होतं. पण ते घमेलं मी तिच्या डोक्यावर दिलेलं नव्हतं, तिने माझ्या हातातून काढून घेतलं होतं, कारण मी त्यातली पूड वाऱ्याच्या दिशेने ओतत होतो. आणि त्या घमेल्यात काय होतं, हे त्या गृहस्थांनी विचारलंच नाही. माणिकराव, त्यात तुमच्याच खाणीचा चुरा होता.

आता हे तुम्हाला समजावणं म्हणजे पुजाऱ्याला आरती शिकवणं. पण मला ते मधुराकडून जसं कळलं तसं सांगतो, चुकलं तर माफ करा. तुम्ही मंडळी डोंगर फोडायचा, दळायचा, पाण्यात घुसळायचा, त्यातलं चिमूटभर तांबं काढून घ्यायचं आणि उरलेली राखाडी पूड पाण्याबरोबर बांधाआड सोडून द्यायची. ती साठत साठत तुमच्या कॉलनीमागे एक टेकडीच झाली. तिला तुम्ही लोक टेलिंग म्हणता. मधुरा सांगते, एप्रिलमध्ये वारा सुटला की ती टेकडी घरात यायची. कुसुमवहिनी वाढलेली ताटं पुन्हा पुसायच्या आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायच्या. तिला या धुळीतून बाहेर काढायचं म्हणून तुम्ही तिला भोपाळला शिकायला पाठवलंत. आणि ती शिकली काय, तर त्याच धुळीचं काय करता येईल ते. मला यात तुमची निराशा दिसते, आणि मी तुमच्या जागी असतो तर मीही चार घास कमी जेवलो असतो.

तर भोपाळच्या प्रयोगशाळेतलं तिचं काम संपलं, आमच्या तुषारची बदली उज्जैनच्या शाखेत झालेलीच होती, म्हणून ती उरलेली पोती ट्रकमध्ये घालून इकडे आली. मक्सी रोडला एक शेड भाड्याने घेतली आहे, पण तिथे वीज अजून यायची आहे (खांब आला आहे, तार येते आहे, वीज त्या दोघांच्या मागून येईल). तोवर पोती आमच्या ओट्यावर. आता उज्जैनमध्ये ओट्यावर राखाडी पूड ठेवण्याचे काय परिणाम होतात, हे भोपाळच्या प्रयोगशाळेत शिकवत नाहीत. इथे राखाडी पूड दिसली की माणूस ती आधी कपाळाला लावतो आणि मग कुठली म्हणून विचारतो. आमचे शेजारी प्रकाशजी दुसऱ्याच दिवशी सकाळी तीन बोटं ओढून फिरायला निघाले. मधुराने धावत जाऊन सांगितलं की काका, हे भस्म नाही, खाणीतलं आहे. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बेटा, पहाड़ का है ना? तो भोलेनाथ का ही हुआ।" तिने त्याच दिवशी पोती मागच्या खोलीत हलवली, आणि मी माझ्या खाटेसकट पुढच्या खोलीत आलो.

या पुडीचे ती फरशीचे ब्लॉक करते. विजेच्या कारखान्यातली थोडी राख, सोडियम सिलिकेट नावाचं एक चिकट द्रव, थोडा कॉस्टिक सोडा, आणि बाकी सगळी तुमची टेकडी. सिमेंट अजिबात नाही. तुम्हाला माहीत आहे, मी पीडब्ल्यूडीत उपयंत्री म्हणून रुजू झालो आणि उपयंत्री म्हणूनच निवृत्त झालो. खात्याने मला बढती दिली नाही, पण सिमेंट काय चीज आहे ते शिकवलं. बिनसिमेंटचा ब्लॉक म्हणजे बिनपोह्यांचे पोहे. मी तसं बोलूनही दाखवलं. मधुरा हसली आणि म्हणाली, अण्णा, आणखी एक ऐका, यांना तराईसुद्धा लागत नाही. उलट पक्के होण्याआधी पाणी लागलं तर बिघडतात, नंतर कितीही पाऊस चालतो. यांना पाहिजे कोरडी ऊब. वर काळं प्लास्टिक घालायचं आणि मे महिन्याला काम करू द्यायचं.

माणिकराव, इथे मला थोडं थांबावं लागेल. तराई म्हणजे सिमेंटच्या ताज्या कामाला दिवसच्या दिवस पाणी पाजत राहणं. तुमच्याकडे क्युरिंग म्हणत असतील. सगळ्या मध्य प्रदेशातला एकही ठेकेदार ती मनापासून करत नाही, आणि मी ती मनापासून करून घेतली. लोक मला "तराईवाले साहब" म्हणत. शाजापूरच्या एका पुलावर मी ठेकेदाराला सफारी सूटमध्ये बादली धरायला लावली होती. तो पूल अजून उभा आहे, ठेकेदार नंतर आमदारकीला उभा राहिला आणि पडला. निवृत्तीच्या दिवशी सगळ्या ठेकेदारांनी मिळून मला शाल, श्रीफळ आणि पाणी घालायची एक पितळी झारी दिली. (रजनीच्या मते चेष्टेने. मी ती प्रेमाने दिली असं धरून चालतो.) अशा माणसाला "तराई लागत नाही" असं सांगणं म्हणजे हलवायाला साखर सोडायला सांगण्यासारखं आहे. ते वाक्य मी ऐकलं. पण कानाच्या पुढे ते गेलं नाही.

आता अहल्याताईंबद्दल. रामघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत आपल्या मराठी मंडळींची एक धर्मशाळा आहे, तिच्या ट्रस्टच्या त्या अध्यक्ष. वय ऐंशीच्या पुढे, पण ट्रस्ट आणि पाण्याची मोटर या दोहोंच्या चाव्या कमरेला. सिंहस्थ तोंडावर आलं आहे, सगळं उज्जैन खणून ठेवलंय, आणि धर्मशाळेचा चौक मात्र अजून अशा अवस्थेत आहे की यात्रेकरू देवाला जाण्याआधी तिथेच साष्टांग नमस्कार घालतात. मधुरा त्यांच्याकडे जाऊन म्हणाली की चौकाची फरशी मी करून देते. अहल्याताईंनी ब्लॉक हातात घेतला, वासही घेतला, आणि विचारलं, "यात सिमेंट नाही म्हणतेस, मग हा काय श्रद्धेवर उभा राहणार?" शेवटी असं ठरलं की इंजिनिअरिंग कॉलेजात काँक्रीटचे क्यूब दाबून फोडायची मशीन आहे, तिच्याखाली ब्लॉक टिकले तर चौक मधुराचा, नाहीतर नेहमीच्या ठेकेदाराचा.

या चौकाला किती महत्त्व होतं ते तुम्हालाही ठाऊक नसेल. ते मला रजनीकडून कळलं, आणि रजनीला मधुराच्या चेहऱ्यावरून. तुम्ही गोंदियाच्या कॉलेजात तिच्यासाठी जागा पाहिलीत, महिनाअखेर कळवायचं आहे, तुषारही म्हणाला की मी तिकडच्या शाखेत बदली मागतो. तिने मनाशी ठरवलं होतं की हा पहिला चौक मिळाला तर राहायचं, नाही मिळाला तर हट्ट सोडायचा आणि तुमचं ऐकायचं. मला तुमच्याशी खोटं बोलायचं नाही. ती जागा चांगली आहे, तुमचं म्हणणं बापाच्या दृष्टीने बरोबर आहे, आणि तरीही ती मिळू नये असं मला रोज वाटत होतं. मुलं गेली की या घरात मी आणि रजनी उरणार. आम्ही दोघं एकमेकांना सगळं सांगून बसलेलो आहोत. मधुरा आल्यापासून जेवताना पानावर काहीतरी नवीन विषय असतो. कधी कधी तो कॉस्टिक असतो, पण असतो.

चाचणीसाठी तिने गच्चीवर ब्लॉक मांडले. जवळजवळ सगळी पोती त्यात संपली, कारण तिला वेगवेगळ्या प्रमाणांचे करून बघायचे होते. वर काळं प्लास्टिक, कडेला विटा. आणि मग ती आणि तुषार दोन दिवसांसाठी भोपाळला गेले. ब्लॉक पाण्यात ठेवला तर त्यातून काही विषारी उतरतं का, याचा अहवाल तयार झाला होता तो आणायचा होता. (काही उतरत नाही. हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो, कारण तुम्ही पहिलं तेच विचाराल.) जाताना मला म्हणाली, अण्णा, फक्त एवढं बघा की कुणी प्लास्टिक काढणार नाही. मी म्हणालो, निश्चिंत जा.

प्लास्टिक मी काढलं.

काढलं म्हणजे आधी फक्त एक कोपरा उचलून पाहिला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत ते बिचारे ताजे ब्लॉक, अंगाला हात लावला तर चटका बसेल असे, घामाघूम, एक थेंब पाणी विचारायला कुणी नाही. माझ्या डोळ्यांसमोर सगळे न पाजलेले पूल उभे राहिले. मला वाटलं, पोरगी लहान आहे, प्रयोगशाळेत शिकली आहे, तिला काम कुठे बघायला मिळालंय. तिचं काम आपणच सांभाळून घ्यायला हवं, आणि न सांगता घ्यायला हवं म्हणजे तिला कमीपणा वाटणार नाही. कडेने मातीचे छोटे बांध घातले. मध्ये पाणी तुंबवलं. गोणपाट भिजवून पांघरलं. पाइप जिथवर पोचला तिथवर पाइपने, आणि पुढे त्या पितळी झारीने. सकाळी आणि संध्याकाळी. इकडे नळ एक दिवसाआड येतो आणि टाकीतलं सगळं पाणी वर चाललेलं, म्हणून रजनीला कपडे धुता येईनात. तिने जिन्यातून ओरडून सांगितलं की मधुरा नको म्हणाली होती. मी सांगितलं, यातलं तुला कळत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावरही मी हे वाक्य वापरतो, यावरून माझी प्रकृती किती धडधाकट आहे ते तुम्ही ओळखाल.

दुसऱ्या दिवशी ब्लॉकना पांढरा कापूस फुटला. अक्षरशः कापूस, बोटाने उडवता येईल असा. खार फुटणं मी भिंतींना पाहिलं आहे, पण असं बाळसं धरलेला खार आयुष्यात पाहिला नव्हता. मी ब्रशने घासला. उन्हात वाळला की परत हजर. लोणच्यासाठी आणलेली लिंबं रजनीच्या नकळत वर नेली आणि एकेका ब्लॉकला लिंबू चोळत बसलो (हाताची खाज ती हीच). शेजारच्या गच्चीवरून प्रकाशजी बराच वेळ बघत होते. त्यांना वाटलं काही अनुष्ठान चाललं आहे, म्हणून त्यांनी हात जोडले आणि विचारलं की भाईसाहब, प्रसाद कब मिलेगा. प्रसाद त्याच संध्याकाळी मिळाला. मुलं एक गाडी आधीची पकडून आली.

मधुरा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एक ब्लॉक उचलला, त्याचा कोपरा अंगठ्याने दाबला आणि तो कोपरा, माणिकराव, नानकटाईसारखा तुटला. ती टाकीच्या पायरीवर बसली. मी झारी मागे धरून उभा होतो, जणू पाठीमागे ती दिसणारच नव्हती. तुषार म्हणाला, "अण्णा, तुम्ही उद्या क्षिप्रेलाही पाणी घालाल." मी एरवी त्याला उत्तर दिलं असतं. मधुरा उठली आणि म्हणाली, अण्णा, चहा घेणार का. आणि जिना उतरताना तुषारला हळूच म्हणाली की बाबांना फोन करायला हवा. त्या रात्री मी जेवलो नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही. मुलीने विश्वासाने टाकलेलं एकच काम, ते मी अनुभवाने बुडवलं.

पण फोन झाला नाही, हे तुम्ही जाणताच. झालं असं की सकाळी ती सगळं आवरायला वर गेली आणि टाकीच्या मागे तिला ब्लॉकची एक ओळ सापडली, प्लास्टिकखाली, कोरडी ठणठणीत. तिथे पाणी का पोचलं नाही, तर पाइप आखूड पडला होता, आणि झारी घेऊन टाकीमागच्या त्या बोळकांडीत वाकून शिरायला माझा गुडघा तयार नव्हता. तुमचे गुडघे कसे आहेत हे मी सुरुवातीलाच का विचारलं ते आता ध्यानात येईल. माझ्या मनात या अवयवाबद्दल अलीकडे फार आदर आहे. तिने त्यातला एक उचलून दुसऱ्यावर वाजवला. तो खणखणला. मी खालून तो आवाज ऐकला आणि ओळखला, कारण चांगल्या कामाचा आवाज मी आयुष्यात ऐकलेला आहे, अगदी थोड्या वेळा, पण ऐकलेला आहे.

मग तिला एक कल्पना सुचली, जी मला कधीच सुचली नसती. मी असतो तर बिघडलेले ब्लॉक रातोरात पुरले असते. तिने दोन्ही प्रकारचे ब्लॉक टेम्पोत घातले, वर मला घातलं, वाटेत अहल्याताईंना घेतलं आणि आम्ही सगळे कॉलेजात गेलो. तिथे तिने सगळ्यांसमोर सांगितलं की हे पाणी घातलेले आणि हे न घातलेले, एकाच दिवशीचे, एकाच पुडीचे, आधी पाणी घातलेले फोडा. कुणी पाणी घातलं हे तिने सांगितलं नाही. माझे ब्लॉक मशीनखाली गेले आणि बिस्किट चहात बसतं तसे बसले. काटा हललासुद्धा नाही नीट. मग तिचा पहिला ब्लॉक ठेवला. काटा चढायला लागला. मी खात्यात असताना कुठल्या आकड्याला सही करायची तो आकडा मला पाठ आहे. काटा तिथे आला आणि न थांबता पुढे गेला. मशीनवाल्याने चष्मा पुसला. शेवटी ब्लॉक फुटला तेव्हा असा काही आवाज झाला की अहल्याताईंनी "हर हर महादेव" म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (तुषार म्हणाला, अण्णा, लांब उभे राहून रडा, अजून ब्लॉक बाकी आहेत.)

सगळे उत्तम उतरले. पण चौक मिळाला तो त्यामुळेही नाही. अहल्याताई काट्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी मधुराला विचारलं, म्हणजे याला पाणी लागतच नाही? मधुरा म्हणाली, नाही. महिनाभर रोज शिंपायला नको? नको. घातलं तर काय होतं? मधुराने माझ्या भुग्याकडे बोट दाखवलं. सिंहस्थाच्या तयारीत जिथे प्यायच्या पाण्याचे टँकर मोजायचे आहेत तिथे फरशीला पाणी पाजायचं नाही, ही गोष्ट त्या बाईंना जितकी भावली तितका कुठलाही आकडा भावला नसता. आणि हे त्यांना डोळ्यांनी दिसलं ते कुणाच्या मूर्खपणामुळे, ते मी नम्रपणे इथे नमूद करतो. त्याच दिवशी त्यांनी सांगितलं, आधी चौकातल्या तुळशीभोवतीचा तुकडा कर, पावसाळा काढू दे, मग सगळा चौक तुझा. येताना टेम्पोत मधुरा माझ्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली. म्हणाली, अण्णा, बाबांनी जन्मभर त्या डोंगरातलं तांबं काढलं, उरलेलं मी काढते. हे वाक्य तिने तुमच्यासमोर कधी म्हटलं नसेल. ते तुमचं आहे, म्हणून तुमच्याकडे पोचवतो.

तेव्हा काळजीचं काही कारण नाही. मुलगी आनंदात आहे, घमेलं अधूनमधून उचलते, नीट जेवते. आम्हाला कशाची म्हणून कमतरता नाही, फक्त तुम्हा दोघांचे आशीर्वाद असू द्या. पितळी झारी मी रजनीच्या स्वाधीन केली आहे आणि गच्चीच्या दाराची किल्लीही. थोरांना नमस्कार, पेरूच्या झाडाला आठवण.

आपला, आणि यापुढे पाण्यापासून चार हात दूर असलेला,
वसंत पागनीस

ता. क. वर कमतरता नाही असं लिहिलं, ते पत्राची रीत म्हणून. खरी गोष्ट अशी की तुळशीभोवतीच्या तुकड्यासाठी चुरा उरलेला नाही. होता तो सगळा मी भिजवला. मागच्या खोलीत जेमतेम दोन-तीन पोती आहेत, तेवढ्यात तुळशीची एक बाजू होईल आणि बाकीच्या तीन बाजू श्रद्धेवर उभ्या राहतील. खाणीच्या ऑफिसातून रीतसर परवानगीने चुरा मिळू शकतो म्हणतात, पण नवख्या माणसाला त्यात पुढचं सिंहस्थ उजाडेल. तुमचा शब्द तिथे अजून चालतो. मधुरा तुमच्याकडे मागणार नाही. तिचं म्हणणं, बाबांना जे आवडत नाही ते त्यांच्याकडेच कसं मागू. म्हणून मी मागतो.

ता. क. दुसरा. तुम्हाला आठवत असेल, लग्नाच्या बैठकीत तुम्ही फार संकोचाने विचारलं होतंत की पागनीस, तुमची काही अपेक्षा असेल तर मोकळेपणी सांगा. मी म्हणालो होतो, मुलगी आणि नारळ. सगळ्यांनी माझी वाहवा केली होती. ते मी मागे घेतो. आमची अपेक्षा आहे. सुचायला एवढी वर्षं लागली, पण आता पक्की आहे: मुलीच्या माहेरहून एक ट्रक माती यावी. (पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकावं. हुंडा मागणं हा गुन्हा आहे आणि ट्रकने मागणं तर मोठाच असणार.) ट्रकबरोबर तुम्ही स्वतः यावं, म्हणजे तुळशीपाशी पहिला ब्लॉक तुमच्या हातून बसवता येईल. मधुराला यातलं काही कळू देऊ नये ही विनंती.

ता. क. तिसरा (अक्षर बदललेलं दिसेल). बाबा, मी मधुरा. अण्णा पाकीट चिकटवायला डिंक मागत आले. घरात डिंक नव्हता, म्हणून माझं सिलिकेट देते म्हटलं, आणि चिकटवण्याआधी सगळं वाचलं. अण्णा समोर बसलेत आणि पंख्याकडे बघतायत. गोंदियाच्या कॉलेजला मी आज सकाळी कळवलं की येत नाही. तुम्हाला फोन करायचं धैर्य होत नव्हतं, ते आता झालं; उद्या करते. एक ट्रक पुरणार नाही, दोन लागतील. आणि बाबा, चुरा कुठूनही भरू नका. आपल्या क्वार्टरच्या मागची बाजू आहे ना, जिथून मी घसरत खाली यायचे आणि तुम्ही खाली उभे राहायचात, तिथला आणा.